जड चाप

१

मी पोचले तेव्हा बाबांना अजून हलवलं नव्हतं. डावा हात टेबलावर लांब पसरून, त्यावर डोकं टेकून ते बसले होते. जेवणानंतर काम रेंगाळलं की ते असेच घटकाभर डोळे मिटायचे. फरक इतकाच, की आज चष्मा काढून ठेवलेला नव्हता. आणि एवढ्या उकाड्यात त्यांच्या खांद्यांवर आईची शाल होती.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं बंदुका दुरुस्तीचं दुकान. रस्त्याकडे काचेचा दरवाजा, भिंतीवर उंचीप्रमाणे लावलेले स्क्रूड्रायव्हर, कोपऱ्यात वाळूने भरलेली लाकडी पेटी आणि सगळ्यावर मशीनच्या तेलाचा वास. त्या वासात मी पाढे पाठ केले, आणि पुढे मिळतील त्या रहस्यकथाही तिथेच बसून वाचल्या. पुस्तकातल्या खोलीत प्रेत असतं तेव्हा खोली कशी दिसते, याची मला सवय होती. आपली खोली तशी दिसत नाही. ती नेहमीसारखीच दिसते.

बाबांच्या उजव्या मुठीत तळहातात मावेल एवढं रिव्हॉल्व्हर होतं. डाव्या हातात फोन. समोर तेलाची बाटली, नळी साफ करायची सळई, फ्लॅनेलचा तुकडा. टेबलाच्या कडेला चहाचे दोन कप, वर बश्या झाकलेल्या. डाव्या खांद्याखाली सदऱ्याला एक बारीकसं भोक होतं आणि त्याखाली सगळा सदरा भिजलेला.

"साफ करताना सुटली असणार," हवालदार म्हणाला. "वय झालं की हात चुकतो."

"नाही," मी म्हणाले.

माझा धाकटा भाऊ दाराशी उभा होता. बाबांना तसं सगळ्यात आधी त्यानेच पाहिलं होतं. त्याच्या सदऱ्यालाही रक्त लागलेलं होतं. "ताई, असू दे आत्ता," तो पुटपुटला.

पण मला ते असू देता येईना. बाबांनी आयुष्यभर डोळ्यात तेल घालून काम केलं. उद्या रस्त्यावरचा प्रत्येक माणूस म्हणणार, म्हाताऱ्याचा हात चुकला. मी इन्स्पेक्टरबाईंकडे वळले. पन्नाशीच्या होत्या, एका टाचेवर भार न देता चालत होत्या. गिऱ्हाइकाच्या स्टुलाकडे बोट दाखवून त्यांनी आधी विचारलं, "बसू का?" आणि मग बसल्या.

"या छोट्या रिव्हॉल्व्हरचं गोळ्यांचं चक्र बाहेर काढल्याशिवाय सळई आत जातच नाही," मी म्हणाले. "बाबा आधी चक्र काढायचे, मग तेलाला हात लावायचे. इथे चक्र जागेवर आहे. तेलाच्या बाटलीचं झाकणही घट्ट आहे. ते साफसफाई करत नव्हते."

इन्स्पेक्टरबाईंनी रुमालाने झाकण फिरवून पाहिलं. घट्ट होतं.

"म्हणजे हा देखावा आहे," त्या म्हणाल्या. "मग तो कुणी मांडला?"

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच आल्या. पुन्हा विचारूनच बसल्या.

"तुमच्या वडिलांच्या उजव्या तळव्याला रक्त होतं. मुठीच्या आत, रिव्हॉल्व्हरच्या खाली."

मला अर्थ लागायला क्षणभर गेला.

"म्हणजे हाताला आधी रक्त लागलं. रिव्हॉल्व्हर नंतर आलं," त्यांनीच सांगितलं. "गोळी सुटली तेव्हा ते त्यांच्या हातात नव्हतं. गोळी लहान होती, डॉक्टर म्हणतात की ते काही मिनिटं तरी जिवंत असावेत. पण फोन हातात असून कुणाला लावलेला नाही. आणि ती शाल! चोर काही शाल पांघरून जात नाही. हे घरच्या माणसाचं काम आहे."

घरात त्या दुपारी एकच माणूस होतं. ते स्वयंपाकघरात बसून फडक्याच्या घड्या घालत होतं, मोडत होतं आणि पुन्हा घालत होतं.

आईचं विसरणं काही वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी नावं गेली, मग वार गेले. हातांची कामं मात्र राहिली. जी गोष्ट तिने हजारदा केली होती ती तिचे हात आपोआप करायचे. फक्त कोणती आधी आणि कोणती नंतर, हे निसटायला लागलं होतं. चहा गाळून झाल्यावर ती पावडर टाकायची.

"आजी, काल दुपारी दुकानात कोण आलं होतं?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"काल रविवार ना? रविवारी बंद असतं. हे तरी आत जाऊन बसतातच म्हणा. माझ्यापेक्षा त्या टेबलाशीच लग्न लागलंय त्यांचं."

"काल तुम्ही त्यांना पाहिलंत?"

"झोपलेत ते. आवाज नका करू. उठले की सगळ्यांचाच चहा टाकते." मग तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. "टाच दुखते का हो? चप्पल बदला. नवऱ्याला सांगा आणायला."

"नवरा नाही मला, आजी."

"मग तर आजच जाऊन आणा. वाट कुणाची बघताय?"

इन्स्पेक्टरबाई हसल्या. आईने आपला दुकानातला जुना एप्रन घातला होता. त्याच्या खिशात हात घालून तिने कपड्याचा एक चिमटा, साखरेचा खडा आणि भिंतीत स्क्रू घट्ट बसावा म्हणून घालतात तो पिवळा प्लॅस्टिकचा प्लग काढला. सगळं माझ्या हातावर ठेवलं. "ठेव गं. हरवेल." मी ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं. आईच्या खिशात रोज काही ना काही निघायचंच.

तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. रिव्हॉल्व्हर त्यांचंच होतं. उंच, हाडकुळ्या, बोटांची पेरं सुजून वाकडी झालेल्या. त्या उभ्याच राहिल्या.

"माझ्यामुळे झालं हे सगळं," त्या म्हणाल्या.

"बसा आणि नीट सांगा," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

"परवा मी ते घेऊन आले होते. पाय मोडलेलं, वाचणार नाही असं जनावर असतं ना, त्याला सोडवायला मी ते वापरते. त्याचा चाप फार जड आहे. काडतुसावर ठोसा मारणारा घोडा आत झाकलेला, त्यामुळे अंगठ्याने मागे ओढून ठेवायची सोय नाही. सगळा जोर एका बोटानेच लावायचा. गेल्या महिन्यात एका घोडीच्या डोक्याशी मी ते धरलं. चाप अर्ध्यात अडला, हात थरथरला आणि गोळी भलतीकडे लागली." त्यांनी आपली वाकडी बोटं मिटून घेतली. "तिने माझ्याकडे पाहिलं हो. दुसरी गोळी सुटेपर्यंत ती माझ्याकडे पाहत होती."



"तुमच्या वडिलांना मी हे सांगितलं आणि चाप हलका करून मागितला. ते नाही म्हणाले. पण तुमच्या आईंनी ते रिकामं रिव्हॉल्व्हर उचललं, दोन्ही हातांची बोटं चापावर घातली आणि दात-ओठ खाऊन तो ओढला. तसूभर हलला नाही. त्या म्हणाल्या, 'तुमचं आणि माझं सारखंच, बाई. आपण दोघींनी आता गोफण घ्यावी.' आम्ही खूप हसलो."

डॉक्टरीणबाई गेल्यावर इन्स्पेक्टरबाई बराच वेळ आईच्या बोटांकडे पाहत होत्या.

"तो चाप आजींना ओढता येणारच नव्हता," शेवटी त्या म्हणाल्या. मला सुटल्यासारखं झालं. पण त्यांचं वाक्य संपलं नव्हतं. "मग घरचं दुसरं कोण उरतं, ते तुम्हाला कळतंय ना?"

३

मला आधी मास्तरांना भेटायचं होतं. ते नेमबाजी शिकवायचे. त्यांनी शिष्यांच्या पिस्तुलांचे चाप बेसुमार हलके करून घेतले, आणि हे धोक्याचं आहे असं बाबांनी क्लबला कळवलं. तेव्हापासून मास्तर त्यांना पाण्यात पाहायचे.

मी गेले तेव्हा ते लक्ष्याचे फाटके कागद गोळा करत होते.

"संशय घ्यायला आलीस का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं केलंस, सरळ सांगितलंस. बापावर गेलीस." ते बाकावर बसले. "काल दुपारभर मी इथे शिकवत होतो. वीस जण साक्षीला आहेत. आणि खरं सांगू? तुझे वडील गेले म्हणजे माझ्याशी भांडायला आता कुणी उरलं नाही."

ते हातातला फाटका कागद सरळ करत राहिले. मी दुसरीकडे पाहिलं.

"परवा मी तिथेच होतो," ते पुढे म्हणाले. "एक स्प्रिंग न्यायला गेलो होतो. भांडण असलं तरी स्प्रिंग त्यांच्याकडचीच लागायची. डॉक्टरीणबाईंचं रिव्हॉल्व्हर मीही ओढून पाहिलं. माझं बोट दुखलं, मग त्या बाईची काय कथा! तुझे वडील सरळ नाही म्हणाले. या जातीच्या काडतुसातली दारू पेटते ती मागच्या काठावर घोड्याचा ठोसा बसला की. ठोसा जोरातच बसावा लागतो. म्हणून स्प्रिंग कडक, म्हणून चाप जड. चाप हलका करावा तर ठोसा मऊ पडतो आणि काडतूस उडतच नाही. दोन्ही साधायचं म्हणजे जिकिरीचं. पण त्या घोडीचं ऐकल्यावर ते गप्प झाले होते. त्यांना आतून लागलं होतं ते."

"घेतलं असेल का त्यांनी काम?"

"एवढ्यात? छे. असलं काम हातात घेतलं की आठ-आठ दिवस विचारच करत बसायचे. आणि काम झालं की वहिनींचं बोट, मग वाळूची पेटी. तुला माहितीच आहे."

मला माहीत होतं. चाप ओढायला किती जोर लागतो ते बाबा काट्यावर मोजायचे, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. काम झालं की ते चक्राच्या सहाही घरांत पिवळे प्लॅस्टिकचे प्लग बसवायचे. या जातीचं रिव्हॉल्व्हर रिकामं ओढलं तर आतला घोडा घराच्या काठावर आपटून तो खराब होतो, म्हणून. मग आईला हाक मारायचे. आई शेजारी उभी राहून, नळी वाळूच्या पेटीकडे धरून चाप ओढायची. ते कान जवळ नेऊन आतला आवाज ऐकायचे आणि पसंत पडलं की "हं" म्हणायचे. पुढची चाचणी खऱ्या गोळीची. आई एक प्लग काढून त्या घरात एकच काडतूस घालून द्यायची, बाबा कान झाकून वाळूच्या पेटीत ती गोळी झाडायचे. तोवर आई स्वयंपाकघरात. माझ्या जन्माआधीपासूनचा हा क्रम.

"तुझ्या वडिलांना मारणारा माणूस मला तरी सुचत नाही," मास्तर म्हणाले. "तुला सुचतोय?"

मी उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. इन्स्पेक्टरबाई होत्या.

"तुमच्या भावाला चौकशीला बोलावलंय. काल सकाळी तुमच्या घरात आरडाओरडा झाला, ते शेजाऱ्यांनी ऐकलंय. तुम्हाला माहीत होतं हे?"

४

मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी त्याला घरी सोडलं, उद्या सकाळी पुन्हा यायच्या बोलीवर. तो स्वयंपाकघरात फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलासारखा उभा राहिला. आईने त्याला पाहून म्हटलं, "बाळ्या, तोंड का उतरलं रे? नापास झालास?"

"हो, आई."

"होऊ दे. हे काही बोलणार नाहीत. मी सांगते त्यांना."

तो वळून दुकानात गेला. मी मागोमाग गेले.

"मी म्हणालो होतो की आईला कुठेतरी ठेवू," तो म्हणाला. "चांगली जागा पाहिली होती. बाग आहे, नर्स आहेत. बाबा एकटे किती करणार? ते म्हणाले, तिचे हात अजून माझ्या कामाचे आहेत, तू चालता हो. बाबा मला चालता हो म्हणाले, ताई. मीही नाही नाही ते बोललो."

"मग परत का आलास?"

"माफी मागायला." त्याने डोळे पुसले. "आई दारात आली. म्हणाली, आवाज करू नकोस, झोपलेत. शाल आधीच होती. चहाही होता. मला खरंच वाटलं, झोपलेत. खांद्याला हात लावला तेव्हा... मी त्यांना उचलायला पाहिलं. उद्या इन्स्पेक्टरबाई मला अटक करणार आहेत. त्यांनी तसं सरळ सांगितलं."

"तू हे सगळं सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. ऐकायला किती खोटं वाटतं ना?"

तो आत गेला. मी बाबांच्या खुर्चीत बसले. पोलिसांनी हत्यार, तेल, सळई नेली होती. बाकी सगळं जागच्या जागी होतं. हाताला चाळा म्हणून मी ड्रॉवर उघडला. प्लगांचा पत्र्याचा डबा दिसला. लहानपणी मला त्याच्याशी खेळायची बंदी होती. आत बुचाच्या चकतीला सहा भोकं आणि प्रत्येक भोकात एक पिवळा प्लग, सैनिकासारखा ताठ.

आज पाच होते.

झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला अंगठ्याचा तपकिरी ठसा होता. वाळलेला.

मी तो डबा तसाच घेऊन चौकीत गेले.

"बाबा गोळी लागल्यावर हलत होते," मी इन्स्पेक्टरबाईंना सांगितलं. "ठसा त्यांचाच निघेल. प्लग असे एकेक करून भोकात कुणी दुसरा बसवणार नाही. माझ्या भावाला हा डबा कुठे असतो तेही ठाऊक नाही. त्यांनी जखमेवर हात दाबला, म्हणून तळव्याला रक्त. मग त्याच हाताने चक्रातले प्लग काढले, डब्यात ठेवले, ड्रॉवर लावला. तेल मांडलं, सळई मांडली. बाटलीचं झाकण उघडायची ताकद उरली नसेल. आणि मग रिव्हॉल्व्हर स्वतःच हातात घेतलं. देखावा त्यांनीच मांडला, मॅडम."

त्या डब्याकडे पाहत राहिल्या. त्यांना पटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसलं. मी श्वास सोडला.

"बरोबर आहे," त्या हळू म्हणाल्या. "पण मरता मरता एवढा खटाटोप माणूस कुणासाठी करतो? मुलाच्या हातून गोळी सुटली असेल, तर त्याला वाचवायला बाप नेमकं हेच करेल."

५

 मीच माझ्या भावाच्या गळ्यात फास अडकवून दिला होता.

"पण काम हातात घेतलंच नव्हतं तर प्लग कशाला घातले?" मी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाले. "एवढा जड चाप, मास्तरांचंसुद्धा बोट दुखलं..."

"कुठे जड होता?" इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "मी ओढून पाहिला की. सहज ओढला गेला."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"डॉक्टरीणबाईंची आणि आजींची बोटं आजारी आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना जड जाणारच. मला नाही गेला." आणि मग त्यांच्याही लक्षात आलं. 

मास्तरांचं बोट आजारी नव्हतं. परवा तो चाप त्यांनाही जड गेला होता. काल तो हलका होता. म्हणजे बाबांनी आठ दिवस विचार केला नाही. त्या घोडीची गोष्ट ऐकून त्यांना झोप लागली नसणार. ते लगेच बसले आणि काम पुरं केलं. आणि काम पुरं झालं की ते एकच गोष्ट करायचे. सहाही घरांत प्लग घालून आईला हाक मारायचे.

ज्या जड चापाने आईला संशयातून वगळलं होतं, तो चाप उरलाच नव्हता.

सहावा प्लग कुठे आहे, हेही मला त्या क्षणी कळलं. तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होता, साखरेच्या खड्याशेजारी.

इन्स्पेक्टरबाई काहीच विचारत नव्हत्या. विचारलं असतं तर बरं झालं असतं. बोलले नाही तर सकाळी भाऊ आत जाणार होता. बोलले तर, जे झाकायला बाबांनी आपली शेवटची मिनिटं घालवली, ते मीच उघडं करणार होते.

"घरी चला," मी शेवटी म्हणाले. "तिथे सांगते."

 दुकानात आल्यावर मी सहावा प्लग आणून बुचाच्या रिकाम्या भोकात बसवला. तो नीट बसला. आत आई भांड्यांचा आवाज करत होती.

"मुलाशी भांडण झालं असतं तर रिव्हॉल्व्हरमध्ये प्लग नसते," मी म्हणाले. "प्लग फक्त आईच्या चाचणीला घालतात. आणि प्लग काढून त्या जागी काडतूस घालायचं काम आईशिवाय कुणी कधी केलेलं नाही. ते दुसऱ्या चाचणीसाठी. काल बाबांनी सहा प्लग घालून रिव्हॉल्व्हर तिच्या हातात दिलं असेल. पुढच्या चाचणीचं काडतूस ताटलीत तयार असेल. ते चष्मा पुसायला वळले असतील, नाहीतर दिवा जवळ घ्यायला. तेवढ्यात तिला वाटलं की पहिली चाचणी झाली. तिने एक प्लग काढून खिशात टाकला आणि काडतूस घातलं. बाबा वळले, नेहमीसारखा कान जवळ नेला, ओढ म्हणाले."

"पण नळी तर वाळूच्या पेटीकडे असते ना?"

"पहिल्या ओढीपर्यंत. तिला तो जड असल्याचं माहीत होतं. परवा दोन्ही हातांनी ओढूनही हलला नव्हता. आणि काल पहिल्या एक-दोन ओढींना, प्लगांवर, तो सहज आला असेल. तिला आनंद झाला असेल. ती त्यांच्याकडे वळली असेल, दाखवायला. बोट चापावरच होतं, तो पुन्हा ओढला गेला असेल."

इन्स्पेक्टरबाईंनी डोळे मिटले.

"मग त्यांनी तिला चहा टाकायला पाठवलं," मी म्हणाले. "म्हणून दोन कप. ती चहा घेऊन आली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. तिला वाटलं झोपले. तिने बश्या झाकल्या, शाल घातली."

"आणि फोन?"

"फोन त्यांनी शेवटी घेतला." मी डब्याचं झाकण लावलं. "त्यांना जगायचं होतं, मॅडम. आधी तिची व्यवस्था लावू आणि मग फोन करू, असं ठरवलं असेल. कामं क्रमाने करायची सवय होती त्यांना."

बाहेरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, "दुरुस्तीनंतरच्या चाचणीत अपघात. असं लिहीन मी. खरं तेच आहे."

"कुणाच्या हातून?"

"चाचणी दोघं मिळून करायचे ना? मग दोघांची नावं येतील. वर मी स्वतः बोलेन. आजींना कुणी काही विचारणार नाही. विचारून कुणाला काय मिळणार आहे?"

आई ट्रे घेऊन आली. इन्स्पेक्टरबाईंना पाहून म्हणाली, "अजून तीच चप्पल?" त्यांनी कप घेतला, एक घोट घेतला आणि किंचित थांबल्या. मग सगळा चहा संपवला. त्या गेल्यावर मी माझा कप तोंडाला लावला. साखरेऐवजी मीठ होतं.

६

बागेचं आणि नर्सचं नाव पुन्हा भावाने काढलं नाही. तो आता इथेच राहतो. मी सुट्टीला येते. डॉक्टरीणबाईंचं रिव्हॉल्व्हर त्यांना परत मिळालं. त्या वापरतात की नाही, मी विचारलं नाही.

आईला आम्ही एकदाच सांगितलं की बाबा गेले. ती ज्या आवाजात रडली तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही. दुसऱ्या सकाळी तिने विचारलं, "हे कुठे गेलेत?" भाऊ म्हणाला, "बाहेर." तेव्हापासून ते बाहेर गेलेले आहेत.

काल मी दुकान झाडत होते. आई येऊन टेबलाशी उभी राहिली, जिथे ती नेहमी उभी राहायची तिथेच. उजवं बोट वाकवून तिने हवेत काहीतरी ओढलं. सावकाश, लक्ष देऊन. मग पुन्हा. मी झाडू खाली ठेवला.  तिला किती आठवतंय, याची मला भीती वाटली.

"हे आले की सांगशील त्यांना?" ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता, खूप वर्षांत पाहिला नव्हता तसा. "चाप छान झालाय. मला एका बोटाने ओढता आला. त्या बाईंनाही येईल आता."

ती माझ्याकडे बघत वाट पाहत राहिली. कशाची, ते मला माहीत होतं.

मी तिच्या जवळ गेले, कान तिच्या हाताशी नेला आणि बाबांसारखंच म्हणाले, "हं."